एडिसनच्या आधीचा आवाज

'आवाज सर्वांत आधी एडिसनने १८७७ साली पकडला' असं सर्रास म्हटलं जातं. पकडून पुन्हा ऐकवला, असं म्हणाल तर मान्य. नुसता पकडण्याचं श्रेय मात्र एदुआर-लेओं स्कॉट द मार्तिनव्हिल या पॅरिसच्या मुद्रण व्यावसायिकाचं. १८५७ साली त्याने फोनोटोग्राफचं पेटंट घेतलं. कर्ण्यात बोललं की टोकाचा पातळ पडदा थरथरायचा, त्याला लावलेला राठ केस काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ ओढायचा. बस्स, एवढंच! ती रेघ परत वाजवण्याची सोय त्यात नव्हती आणि त्याला ती नकोच होती; आवाज डोळ्यांनी वाचता यावा, ही त्याची धडपड.

९ एप्रिल १८६० ला त्याने अशा कागदावर एका फ्रेंच लोकगीताची ओळ उतरवली. २००८ मध्ये अमेरिकी अभ्यासकांनी कागद स्कॅन करून संगणकावर ती वाजवली. आधी वाटलं, कुणी मुलगी गातेय. पुढे कळलं की वेग दुप्पट झाला होता. गाणारा पुरुष होता, बहुधा स्कॉट स्वतःच. पठ्ठ्याने शेजारी ट्यूनिंग फोर्कची (ठरावीक वेगाने थरथरणाऱ्या धातूच्या चिमट्याची) रेघही उमटवून ठेवली होती, म्हणून वेग तपासता तरी आला.

एडिसन ज्यावर आवाज उमटवायचा तो कथलाचा पातळ पत्रा मोजक्याच वेळा वाजवला की झिजायचा, आणि त्याच्या प्रती काढता येत नसत. त्यामुळे घराघरांत गाणी पोचवण्याचं श्रेय मी तरी ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर याच्या चपट्या तबकडीलाच जास्त देईन. एका साच्यावरून हव्या तेवढ्या प्रती!