मदत हवी आहे: दोन पुण्यतिथ्या लागोपाठ, कार्यक्रम मात्र एकच

दांडियाबाजार
बडोद्यातल्या एका कम्युनिटी रेडिओसाठी शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम करते. बंदिशकारांच्या (रागांतल्या गीतरचना करणाऱ्यांच्या) जयंती-पुण्यतिथीप्रमाणे वर्षाची आखणी चालू आहे आणि फेब्रुवारीत अडले आहे. १३ला उस्ताद अमीर खाँ, १४ला पं. श्रीकृष्ण रातंजनकर. दोघेही १९७४ सालीच गेले. वेळ अर्धा तास. कोणाला घेऊ? आराखडा सोमवारी द्यायचाय, प्लीज लवकर सांगा.

तबकडीवाला
कार्यक्रम सकाळी की रात्री? रोज की आठवड्यातून एकदा? आणि आखणी कुठल्या वर्षाची?

कोमलरिषभ
यात विचार कसला? अमीर खाँ! त्यांचा मारवा राग लावा. षड्ज (सा) टाळून रिषभावर (रे) ते ज्या शांतपणे थांबतात, तेवढंच ऐकवलंत तरी अर्धा तास सार्थकी लागेल.

दांडियाबाजार
रविवारी सकाळी आठ. २०२७.

मांडवीकर
सकाळी आठला मारवा? तो सूर्यास्ताचा राग. शिवाय प्रश्न बंदिशकारांचा आहे. खाँसाहेबांचे घ्यायचेच तर ‘सुररंग’ मुद्रेच्या (बंदिशीत गुंफलेल्या टोपणनावाच्या) बंदिशी घ्या, तराणे घ्या.

कोमलरिषभ
लोक हल्ली रेडिओसुद्धा मोबाईलवर हवा तेव्हा ऐकतात. वेळेपायी उत्तम गाणं डावलायचं?

मांडवीकर
हो. निवेदनात रागाची वेळ सांगणार आणि भलत्याच वेळी तो वाजवणार, हे मला पटत नाही.

गोकुळअष्टमी
मुळात तारखा कशाला? तिथी धरा. संगीतशास्त्रकार भातखंडे जन्मले गोकुळाष्टमीला, गेले गणेश चतुर्थीला. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म नारळी पौर्णिमेचा. श्रोत्यांच्या लक्षात तेच राहतं.

दांडियाबाजार
मी फेब्रुवारीबद्दल विचारतेय.

तबकडीवाला
२०२७ मध्ये १४ फेब्रुवारीला रविवारच आहे. रातंजनकर घ्या. भातखंड्यांचे शिष्य, बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर इथेच गायक फैयाज खाँसाहेबांकडे शिकले. आपल्या गावाला याहून जवळचा बंदिशकार कुठला? त्यांच्या ‘अभिनव गीतमंजरी’ या संग्रहात स्वरलिपीसकट बंदिशी आहेत. स्थानिक गायिकेकडून दोन गाऊन घ्या.

कायदेवाचक
थांबा. रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, म्हणजे रातंजनकरांच्या बाबतीत २०३४ अखेरपर्यंत. वारसांची परवानगी घ्या. फैयाज खाँ १९५०ला गेले, त्यांच्या ‘प्रेमपिया’ मुद्रेच्या रचना मोकळ्या आहेत.

स्पूल
कॅसेटवरून उतरवणार असाल तर आधी टेपरेकॉर्डरचं हेड (फीत जिथे घासते तो भाग) स्पिरिटच्या कापसाने पुसा. कापूस तपकिरी यायचा थांबेपर्यंत पुसा, नाहीतर तार सप्तक (उंच स्वर) दबलेलं येतं.

दांडियाबाजार
कॅसेट नाहीयेत माझ्याकडे. रातंजनकर पटले, वारसांना आजच लिहिते. पण अमीर खाँ पूर्ण सोडायचे?

तबकडीवाला
सोडता कशाला? जन्म १५ ऑगस्ट १९१२. २०२७ला तोही रविवार! त्यांचा मेघ राग लावा. पावसाळ्यात तो कुठल्याही वेळी चालतो, मांडवीकरांचीही हरकत नसावी.

मांडवीकर
मेघला माझी हरकत नाही.

कायदेवाचक
तबकडी कोणत्या साली निघाली ते मात्र बघा. ध्वनिमुद्रणालाही प्रकाशनापासून ६० वर्षं लागू होतात. त्याच्या आतली असेल तर परवाना लागेल.

दांडियाबाजार
१५ ऑगस्टला सकाळी झेंडावंदनाचं प्रसारण असतं, आमची वेळ जाते.

कोमलरिषभ
मग २२ला करा. आणि संध्याकाळची वेळ मिळत असेल तर मारवा!