नवं-जुनं करायला राखून ठेवलेले पैसे मोटरीत घालू का?

वावरातली वहिनी (कळंब तालुका, यवतमाळ)

नमस्कार. प्रश्न पैशाचा आहे आणि जरा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट सल्ला देता येणार नाही, म्हणून पूर्ण लिहिते.

आमचं पाच एकर वावर. तीन एकरात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तिच्यात तुरीचे तास, दोन एकरात सोयाबीन निघाल्यावर चणा. विहिरीवर पाच एचपीची पाण्यातली मोटर आहे. हे दिवाळीपासून होळीपर्यंत तालुक्याकडच्या एका जिनिंगात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर कामाला जातात. मोठी पोरगी अमरावतीला बारावीत, वसतिगृहावर.

सोसायटीचं पीककर्ज 1,10,000 आहे. सोयाबीन आणि कापसाच्या पहिल्या दोन वेच्यांतून 78,000 बाजूला काढून खात्यात ठेवले आहेत, ते फक्त नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायला. बाकीचे तुरीतून निघतील असा हिशोब होता.

आता झालं असं, मागच्या आठवड्यात आमच्या डीपीवर, म्हणजे वावराकडच्या ट्रान्सफॉर्मरवर, रात्रीची लाईन होती. चणा घाट्यात येऊन राहिला, दाणा भरायचं पाणी द्यायचं होतं. तुषारचे पाईप लावून ठेवले होते. लाईन आल्यावर हिरवं बटण दाबलं तर मोटर नुसती घुमली, पाणी वर आलंच नाही. दुसऱ्यांदा दाबलं आणि स्टार्टरमधून जळका वास आला. सकाळी गड्यांनी दोर लावून मोटर वर काढली. मेकॅनिकनं खोलली तेव्हा मी तिथंच उभी होती. आतली तार एका बाजूनं काळी ठिक्कर, एकमेकीला चिकटलेली, बोट लावलं की वरचा लेप पापुद्र्यासारखा निघत होता. वायंडिंग, बुश, सील, काढणं-बसवणं आणि नवा स्टार्टर मिळून 12,400 सांगितले.

त्याच आठवड्यात वेचणाऱ्या बायांचा चुकारा होता, 12 रुपये किलोनं. तो बाजाराच्या दिवशी द्यावाच लागतो आणि दिलाच पाहिजे. लग्नाआधी मी लोकांच्या वावरात कापूस वेचला आहे. बाजाराच्या दिवशी पैसा हातात आला नाही तर त्या घरी तेल-मीठ कसं येत नाही ते मला माहीत आहे, म्हणून त्यांना मी कधीच पुढच्या बाजाराचं सांगत नाही. पोरीच्या मेसचे 3,200 वेगळे. घरातली होती ती रोकड त्यातच गेली.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो ते सांगते. आमच्याकडून जो पैसा जातो तो त्याच दिवशी जातो. मजुरी त्याच दिवशी, मेस महिन्याच्या पाच तारखेच्या आत, खासगी कर्ज कंपनीच्या गटाचा हप्ता मंगळवारी सकाळी बरोबर अकराला. आणि आम्हाला जो पैसा यायचा आहे त्याला कोणतीच तारीख नाही. जिनिंगवाल्याकडे ह्यांचे 14,000 अडकले आहेत, विचारलं की कापसाच्या गठाणीचे पैसे आले की देतो म्हणतो. गठाणी विकण्याशी काट्यावर उभ्या माणसाच्या पगाराचा काय संबंध? 2025-26 च्या हंगामाचा कापसाचा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 आहे. पण अ‍ॅपवर नोंदणी करा, सात-बाऱ्यावर पेरा बरोबर आहे का पाहा, स्लॉट मिळवा, गाडीभाडं घालून केंद्रावर न्या, तिथं ओलावा 8 टक्क्यांच्या वर निघाला की भाव कापतात आणि 12 च्या वर गेला की माल घेतच नाहीत. तिसऱ्या वेच्याचा थोडासा कापूस त्यामुळे दारातच व्यापाऱ्याला दिला, 6,900 नं. घरी पैसा लागत होता, काय करणार?

आता माझ्यापुढे चार वाटा आहेत. राखलेल्या 78,000 ला हात लावायचा. माझी सोन्याची पोत गहाण ठेवायची. गावातला एक जण महिन्याला शेकडा तीन रुपयानं देतो, त्याच्याकडून घ्यायचे. नाहीतर तूर झोडपली की लगेच मिळेल त्या भावानं काढून टाकायची. हे म्हणतात राखलेल्यातून घे, तुरीचे आले की परत टाकू. मला ते पटत नाही, पण नेमकं काऊन पटत नाही हे मला आकड्यात सांगता येत नाही. दोन एकर चणा डोळ्यासमोर सुकून राहिला, लवकर सांगा.

मोटर बांधणारा (देवळी, वर्धा)

ताई, पैसा कुठून आणायचा ते दुसरे सांगतील, मी मोटरीचं सांगतो, कारण 12,400 हा आकडा कमी होऊ शकतो.

पहिलं म्हणजे वायंडिंग, म्हणजे आतली नवी तार, तांब्याचंच करून घ्या आणि तसं बिलावर लिहून घ्या. दुसरं, तुमच्या मोटरीतून जी जळकी तार निघाली ती तुमची आहे. ती तुमच्यासमोर काट्यावर तोलायला सांगा. जळकं तांबं भंगारात चांगल्या भावानं जातं, त्याचे पैसे बिलातून वजा झाले पाहिजेत. बरेच दुकानदार ती तार गपचूप ठेवून घेतात आणि कास्तकाराला विचारायचं सुचत नाही. मी या धंद्यात आहे म्हणून खात्रीनं सांगतो.

नवा स्टार्टर लगेच घेऊ नका. जुना घेऊन या म्हणा, बहुतेक वेळा फक्त कॉन्टॅक्ट किंवा कॉइल बदलून भागतं.

आणि मोटर जळाली कशानं हे कळल्याशिवाय पाण्यात सोडू नका. नुसती घुमली आणि फिरली नाही, तार एकाच बाजूनं काळी झाली, म्हणजे तीनपैकी बहुतेक एक फेज गेलेला होता. डीपीवर एखादा फ्यूज उडालेला असेल. दोनच फेजवर मोटर उचल घेत नाही, उभ्याउभ्या करंट ओढते आणि तापून जळते. एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा, वायंडिंगच्या मानानं त्याचा खर्च काहीच नाही. डीपीवर कोणी ऑटो स्विच लावले असतील तर तेही काढायला लावा. लाईन आल्याबरोबर सगळ्या मोटरी एकदम उचलतात, व्होल्टेज पडतं आणि डीपीवर लोड येतो. फ्यूज गेला असेल तर वीज कंपनीच्या 1912 वर तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर लिहून ठेवा. लाईनमनला नुसता फोन केला तर त्याची नोंद कुठंच राहत नाही.

आर्वीकडचा (सध्या पुण्यात)

वहिनी, सरकारच्या योजनेतून सौर पंप का घेत नाही? शेतकऱ्याला फक्त 10 टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीला 5 टक्के. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5 एचपी. रात्रीच्या लाईनची कटकटच संपते. आमच्या बाबांना रात्री साप चावता चावता राहिला, तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो.

वावरातली वहिनी

भाऊ, तुमचं मन कळलं. रात्री ओलीताला गेलेलं माणूस घरी येईपर्यंत मलाही झोप लागत नाही. पण ती योजना ज्यांच्याकडे विजेचं कनेक्शन नाही त्यांच्यासाठी आहे. आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळचं कनेक्शन आहे. साडेसात एचपीपर्यंतचं बिल सध्या माफ आहे, त्यामुळे विजेचा खर्च नाही, पण वीज जशी येते तशी मोटर जळते. आणि चण्याला पाणी या आठवड्यातच पाहिजे.

जुना गटसचिव (अचलपूर)

ताई, मी सेवा सहकारी सोसायटीत गटसचिव होतो. तुम्हाला जे पटत नाही ते बरोबर आहे, आकडे मी देतो.

पीककर्ज मुदतीत भरलं तर 3 लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते होतं. राज्याच्या सवलतीला 30 जूनच्या आत पूर्ण भरणा लागतो. पण सोसायटीत मार्चअखेर वसुली चालते, म्हणून तुम्ही 31 मार्चच धरून चाला. तारीख चुकली तर सवलत गेली आणि वर्षभराचं व्याज अंगावर आलं. सात टक्के धरले तर 1,10,000 वर 7,700 होतात. वरून थकबाकीदार म्हणून नाव लागतं, जूनमध्ये नवं कर्ज मिळत नाही आणि बी-खतासाठी त्याच शेकडा तीनवाल्याच्या दारात जावं लागतं. खरं नुकसान ते आहे. 7,700 एक वेळ भरून निघतील.

आता तुमच्या वाटा पाहू. 12,000 रुपये चार महिन्यांसाठी लागले असं धरा. शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के, चार महिन्यांचे 1,440. सोनं बँकेत किंवा पतसंस्थेत ठेवलं आणि महिन्याला एक टक्का धरला तर 480. राखलेल्यातून घेतले तर कागदावर व्याज शून्य, म्हणून तुमच्या मालकांचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं. पण मी माझ्या टेबलासमोर कितीतरी घरं पाहिली. राखलेल्या पैशातून एकदा 12,000 निघाले की पुढच्या महिन्यात लग्नाचा आहेर, मग दवाखाना, मग बैलाची ढेप, सगळं त्यातूनच निघतं. मार्च येतो तेव्हा हातात निम्मे असतात.

म्हणून माझं म्हणणं असं की 78,000 खात्यात ठेवूच नका. उद्याच सोसायटीत भरा आणि पावती घ्या. मग प्रश्न फक्त 32,000 चा राहतो आणि तो तुरीवर निघतो. तुरीचा हमीभाव 2025-26 च्या हंगामाला क्विंटलमागे 8,000 आहे. नोंदणी सुरू असेल तर आधी नोंद करून ठेवा, घाईत काढू नका.

सावकाराबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. 2014 च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे परवानाधारक सावकारानं शेतकऱ्याला तारण घेऊन 9 आणि बिनतारण 12 टक्के वार्षिक दरानंच पैसे द्यायचे आहेत. 36 टक्के घेणारा माणूस त्या कायद्यात बसतच नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात होते.

बचतगट सखी (मंगरूळपीर, वाशिम)

वहिनी, तुम्ही खासगी गटाचा हप्ता म्हणाल्या, पण तुमच्या गावात उमेदचा, म्हणजे सरकारच्या ग्रामीण अभियानातला, बचतगट आहे का? त्यात तुम्ही सभासद असाल तर पोत कशाला काढता? आमच्या गटात बायांच्याच बचतीतून अंतर्गत कर्ज देतो, महिन्याला शेकडा एक रुपयानं. ते व्याज परत गटातच जमा होतं. बैठकीत मागणी ठेवायची, ठराव लिहायचा, दुसऱ्या दिवशी पैसे. आमच्या एका बाईची शिलाई मशीन अशीच सोडवली.

खासगी कंपनीच्या हप्त्याचं वेगळं आहे. वसुलीवाला सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 च्या नंतर आला, किंवा चारचौघीत बोलला, तर ते रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही. घरातल्या सगळ्यांच्या कर्जाचे मिळून हप्ते घरच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत असाही नियम आहे. हे त्याला तोंडावर सांगा, घाबरू नका. आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड घेता येत नाही. तुरीचे पैसे आले की आधी तेच मिटवा.

जिनिंगवाल्याचंही सोडू नका. भाऊंची हजेरी तारखेनिशी वहीत लिहून काढा, बरोबरच्या दोघा-तिघांच्या सह्या घ्या आणि जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. एकट्यानं जाऊ नका, ज्यांचे ज्यांचे अडकले ते सगळे मिळून जा.

वावरातली वहिनी

सगळ्यांचे लय आभार. काका, तुम्ही जे आकड्यात मांडलं ते मी रात्री ह्यांना वाचून दाखवलं. जूनमध्ये नवं कर्ज मिळत नाही हे ऐकून ते थांबले. उद्या दोघं जाऊन 78,000 भरतो.

ताई, उमेदचा गट आहे, मी सभासद आहे. पण मागच्या वर्षी दोघींनी घेतलेले परत आले नाहीत म्हणून अध्यक्षबाई देताना खळखळ करतात. तरी आज त्यांच्याकडे जाऊन बसली. शनिवारच्या बैठकीत 9,000 ची मागणी ठेवायला त्या तयार झाल्या. शनिवारपर्यंत चणा थांबणार नाही, म्हणून शेजारच्या धुऱ्यावरच्या भाऊजींची मोटर दोन रात्रींसाठी मागितली. त्यांच्या विहिरीतून आमच्या वावरापर्यंत पाईप पोचतो. बदल्यात त्यांच्या तुरीच्या सोंगणीला आम्ही दोघं जाऊ.

देवळीचे भाऊ, तुमच्या सांगण्यावरून दुकानात तार तोलायला लावली. दुकानदाराचा चेहरा उतरला, पण तोलली. बिल 9,300 वर आलं, स्टार्टरला फक्त कॉन्टॅक्ट बदलले. डीपीवर एक फ्यूज खरंच गेलेला होता, 1912 वर तक्रार नोंदवली.

जिनिंगमध्ये ह्यांच्यासोबत आणखी सहा जणांचे पैसे बाकी आहेत. अर्जावर सही करायला चौघं तयार झाले, दोघं म्हणतात पुढच्या हंगामात काम मिळणार नाही. त्यांची भीती खोटी नाही, म्हणून त्यांच्यावर जोर करत नाही. ह्यांचा आणि त्या चौघांचा मिळून अर्ज सोमवारी देतो.

भाऊ, एकच विचारायचं राहिलं. स्टार्टरच्या आत एक छोटी गोल चकती आहे, आकडे असलेली. जुन्या मेकॅनिकनं ती शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवली होती, मोटर सारखी ट्रिप होते म्हणून. ती तशीच राहू देऊ का?

मोटर बांधणारा

नाही ताई, अजिबात नाही. ती ओव्हरलोड रिलेची, म्हणजे जास्त करंट गेला की मोटर बंद करणाऱ्या भागाची, चकती आहे. मोटरीच्या पाटीवर जितके अँपिअर लिहिले तितक्यावरच ती ठेवायची. शेवटच्या आकड्यावर नेली म्हणजे रिले असून नसल्यासारखी, मोटर जळेपर्यंत ती पडतच नाही. पाटी झिजली असेल तर दुकानदाराकडून पाण्यात चालू मोटरीचा करंट क्लॅम्प मीटरनं मोजून घ्या आणि त्याच्या किंचित वर लावा. आणि बरोबर लावल्यावरही सारखी ट्रिप झाली तर चकतीला हात लावू नका, आधी तिन्ही फेजचं व्होल्टेज बघायला सांगा.