जर्मन एकीकरणाचं जनमत: पूर्व-पश्चिमेचे आकडे एकत्र करावेत का?

मृण्मयी_द
१९८९ ते १९९१ मधलं जर्मन जनमत एका तक्त्यात मांडायचं आहे. दोन्हीकडच्या सर्वेक्षणांची सरासरी काढून एकच टक्केवारी दिली तर चालेल का? आणि मार्च १९९०च्या पूर्व जर्मन निवडणुकीत चाचण्या इतक्या कशा चुकल्या? फेब्रुवारीत तर एसपीडी हा समाजवादी लोकशाही पक्षच पुढे दिसतो.

ओंकार_पा
साधी सरासरी अजिबात काढू नका. पूर्वेत साधारण १.६ कोटी लोक, पश्चिमेत ६.३ कोटी, म्हणजे ढोबळ २०:८०. पण पूर्वेचा नमुना मुद्दाम मोठा घेतात, नाहीतर तिथल्या तरुण, बेकार वगैरे गटांबद्दल बोलण्याइतकी माणसंच हाती लागत नाहीत. समजा पश्चिमेत २०००, पूर्वेत १००० मुलाखती झाल्या. मग पश्चिमेच्या प्रत्येक उत्तराला १.२ भार (लोकसंख्येतला वाटा ८० भागिले नमुन्यातला वाटा ६६.७), पूर्वेच्या उत्तराला ०.६. एखाद्या प्रश्नाला पश्चिमेत ५० आणि पूर्वेत ८० टक्के 'हो' असेल, तर भाराविना ६० येतात, भार लावून ५६. पण हे ५६ ना इकडचं मत, ना तिकडचं. दोन रेघा वेगळ्या काढा.

आलबुस (जर्मनीतलं समाजमताचं नियमित सर्वेक्षण) वापरणार असाल तर आणखी एक अडचण आहे. १९९० पर्यंत त्यात फक्त जर्मन नागरिक होते, १९९१ पासून परदेशी रहिवासीही आले. तुलनेआधी नागरिकत्वाची चाळणी लावा. आणि बर्लिन हे एकच राज्य धरू नका, पूर्व-पश्चिम बर्लिन वेगळं करा.

सुमेध७
निवडणुकीबद्दल: आधी मुलाखतींच्या तारखा बघा. अलायन्स ही सीडीयू आणि मित्रपक्षांची उजवी आघाडी बनली ५ फेब्रुवारीला. चलन-एकीकरणाचा, म्हणजे पूर्वेतही पश्चिमेचा मार्क आणायचा प्रस्ताव त्याच आठवड्यातला, आणि सीडीयूचे पश्चिम जर्मन चान्सलर कोल यांची प्रचारसभांची मालिका पूर्वेतल्या एरफुर्टला सुरू झाली २० तारखेला. महिन्याच्या सुरुवातीची चाचणी या सगळ्याच्या आधीची. शिवाय पूर्वेत घरोघरी फोन नव्हते, त्यामुळे फोनवरून कौल घेणं शक्यच नव्हतं. मागच्या मुक्त निवडणुकीचा आधारही नव्हता, म्हणून उत्तरं कशाशी ताडून बघणार? १८ मार्चला ९३.४ टक्के मतदान झालं. अलायन्सला ४८ टक्के, एसपीडीला २१.९.

ओंकार_पा
प्रश्नाचे शब्दही तपासा. लाइपझिगच्या युवा संशोधन संस्थेच्या चाचणीत नोव्हेंबर १९८९ मध्ये ४८ टक्के एकीकरणाच्या बाजूने होते, निवडणुकीच्या तोंडावर ८४. तिथून पुढे 'हवं की नको' हा प्रश्न निरुपयोगी झाला, कारण वाद उरला तो वेगाचा आणि खर्च कोण सोसणार याचा. पश्चिम जर्मन राज्यघटनेच्या २३व्या कलमाने पूर्वेने सरळ सामील व्हायचं, की १४६व्या कलमाने नवी राज्यघटना करायची, हा खरा मतभेद होता. त्यावरचे प्रश्न सापडले तर तेच घ्या.

मृण्मयी_द
म्हणजे डिसेंबर १९९०च्या बुंडेस्टागच्या (संसदेच्या) निकालालाही दोन रकाने?

सुमेध७
तिथे तर हवेतच. त्या एका वेळेपुरती जागा मिळण्यासाठीची किमान ५ टक्के मतांची अट पूर्व आणि पश्चिमेला वेगवेगळी लावली होती. पूर्वेतल्या जुन्या सत्ताधारी कम्युनिस्टांचा वारस असलेल्या पीडीएसला देशभरात फक्त २.४ टक्के, पण पूर्वेत ११.१, म्हणून १७ जागा मिळाल्या. पश्चिमेतला ग्रीन पक्ष ४.८ वर अडकून बाहेर, आणि पूर्वेतली बुंडनिस-ग्रीन ही संयुक्त यादी ८ जागा घेऊन आत. एकच रकाना ठेवलात तर या जागा कुठून आल्या ते वाचणाऱ्याला कळणार नाही.