मदत हवी आहे: १७४० च्या बर्लिनमधल्या परदेशी वकिलांचे (म्हणजे राजदूतांचे) रिपोर्ट कुठे वाचायला मिळतील?

प्रशियाचा फ्रेडरिक दुसरा ३१ मे १७४० ला गादीवर आला तेव्हा बर्लिनमधल्या परदेशी वकिलांना तो नेमका कसा वाटला, यावर एक लेख लिहितोय. बापाची ती उंच शिपायांची लाडकी पलटण मोडली, छळ करून जबाब घेणं जवळपास बंद केलं, बासरी वाजवणारा, फ्रेंच पुस्तकांत रमणारा माणूस, त्यामुळे आता शांतता असा बऱ्याच जणांचा अंदाज होता आणि डिसेंबरात हा पठ्ठ्या थेट ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या सायलेशिया प्रांतात घुसला! व्हिएन्नाहून आलेला ऑस्ट्रियाचा वकील मार्किस बोट्टा तर तेव्हा बर्लिनमध्येच होता.

इंग्रजी चरित्रं चाळली, पण त्यात वकिलांची दोनचार वाक्यंच येतात, तीही पुढे काय झालं ते माहीत असलेल्या लेखकाने निवडलेली. मला जून ते डिसेंबरची अख्खी पत्रं हवीत, विशेषतः इंग्रज वकील गाय डिकन्स आणि फ्रेंच वकील वालोरी यांची. जर्मन येत नाही, फ्रेंच डिक्शनरी घेऊन रेटेन, जुनं हस्ताक्षर मात्र जमणार नाही आणि मूळ कागद बघायला लंडनला जाणंही शक्य नाही. तर ही पत्रं छापील स्वरूपात, शक्यतो ऑनलाइन फुकट, कुठे मिळतील?