नागपूर ते काठमांडू बुलेटवर, मित्राच्या लग्नाला: गाडीचे कागद आणि लग्नाचे रिवाज

खोली_नंबर_14

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाटणला, म्हणजे काठमांडूला लागूनच असलेल्या ललितपूरला, माझ्या मित्राचं लग्न आहे. इंजिनिअरिंगची चार वर्षं आम्ही नागपुरात एका खोलीत काढली. तो नेवार, म्हणजे काठमांडू खोऱ्यातल्या जुन्या समाजातला. माझ्या ताईच्या लग्नात तो तीन दिवस आमच्या घरी राबला, पंगतीत वरणाची बादली घेऊन फिरला, आणि ताईची पाठवणी झाली तेव्हा बाबांच्या खांद्यावर हात ठेवून तोच उभा होता. त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच नाही.

मला आमच्या बुलेटवर जायचं आहे. ह्याच गाडीवर तो नागपूरच्या उन्हात गाडी चालवायला शिकला. लग्नाच्या दिवशी ती त्याच्या दारात उभी असावी, एवढंच मनात आहे. अडचण अशी की आरसी बुक बाबांच्या नावावर आहे. नेपाळ सीमेवर सोनौलीला अडवतील का? नेपाळमध्ये आपला विमा चालतो का?

शिवाय लग्न मोठं आहे. पत्रिकेत चार दिवसांचे कार्यक्रम, दोन वेगवेगळे पार्टी प्यालेस, म्हणजे लग्नाचे हॉल, हजारावर पाहुणे. मी साध्या घरातला. आहेर काय न्यावा, कपडे कोणते, कुठे काय चुकू नये, हे जाणकारांनी सांगावं.

सोनौली_दोनदा

भाऊ, जा. मी 2019 आणि 2023 ला पुण्याहून गेलो, दोन्ही वेळा सोनौलीनेच.

आधी रस्ता. नागपूरहून सिवनी, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर, सोनौली. हजार किलोमीटरच्या आसपास धरा. पेंचच्या जंगलातला उंचावरून जाणारा पट्टा मला फार आवडतो. खालून जनावरांना वाट ठेवली आहे. रीवा सोडल्यावर सोहागी घाटाचा उतार अंधारात करू नका, ट्रक फार. उत्तर प्रदेशात डिसेंबरची सकाळ धुक्याची, आठ-नऊशिवाय निघू नका.

आता सीमा. आपल्या बाजूने कोणी थांबवेलच असं नाही, नेपाळच्या कमानीतूनही गाडी सहज आत जाते, आणि इथेच लोक चुकतात. नेपाळच्या बाजूला बेलहियाला स्वतःहून थांबायचं आणि भन्सार, म्हणजे जकात कचेरी, गाठायची. तिथे गाडीचं दिवसांच्या हिशेबाने शुल्क भरून पावती घ्यायची, शिवाय यातायातचा, म्हणजे वाहतूक खात्याचा, परवाना काढायचा. पुढे पोलीस तपासणीत हीच पावती मागतात. परदेशी गाडी वर्षात एकूण 30 दिवसच ठेवता येते.

दिवस मोजताना हात आखडू नका. मी पहिल्यांदा पाच दिवसांचं भरलं, एक दिवस उशिरा निघालो आणि परतताना दंड बसला. जादा दिवसाचा दंड मूळ शुल्कापेक्षा बराच मोठा असतो.

बाबांच्या नावाची गाडी असेल तर त्यांचं संमतीपत्र नोटरी करून घ्या, त्यांच्या ओळखपत्राची प्रत जोडा, आरसी मूळच न्या. तुमच्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. नुसत्या आधारवर विसंबू नका.

पैसे: 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी, हा दर 1993 पासून बांधलेला आहे. दुकानात भाव सांगितला की ‘आयसी की एनसी’ विचारा, म्हणजे भारतीय की नेपाळी. शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. यूपीआयचं क्यूआर 2024 पासून बऱ्याच ठिकाणी चालतं, पण डोंगरात रोख बरी. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. मुहूर्ताचं लग्न आहे.

विमा_कचेरीत_वीस_वर्षं

विम्याबद्दल नेमकं सांगतो. आपली नेहमीची पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. जादा हप्ता भरून तिची भौगोलिक हद्द वाढवता येते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान एवढ्याच देशांसाठी ही सोय आहे. निघण्याच्या पंधरा दिवस आधी अर्ज द्या आणि तसा शेरा मारलेला कागद हातात घ्या. तोंडी ‘चालतं हो’ ऐकून जाऊ नका. पॉलिसी बाबांच्या नावावर असेल, तर अर्जावर सहीही त्यांचीच लागेल.

पाटणची_माहेर_सांगली

दादा, मी अकरा वर्षं पाटणमध्ये राहते, नवऱ्याचं घर नेवार. तुमचा प्रश्न वाचून आमच्या लग्नाचे दिवस आठवले.

पार्टी प्यालेसचा कार्यक्रम झगमगाटाचा असतो, पण तुम्हाला मनापासून सांगते, खरं लग्न घरात होतं. नवरी माहेर सोडताना घरच्या प्रत्येकाच्या हातात दहा-दहा सुपाऱ्या देते. माझी जाऊ वडिलांपाशी पोचली तेव्हा तिला सुपारी मोजताच येईना. सासरी आल्यावर दाराशी पिखालखी नावाचा दगड असतो, तिथे घरातली वडीलधारी बाई किल्लीचं एक टोक स्वतः धरते, दुसरं नवरीच्या हातात देते आणि तिला आत नेते. आपण माप ओलांडतो, इथे किल्ली धरून घरात येतात. तुम्ही वराकडचे, तेव्हा त्या वेळी दाराशी असा. बाहेर बँडबरोबर नाचत राहिलात तर हे हुकेल.

जेवण म्हणजे भोज. घरचं भोज असेल तर सुकुल म्हणतात त्या गवताच्या चटईवर रांगेत बसायचं, पुढ्यात पानाची पत्रावळ. अगदी आपली पंगत. आधी बजी वाढतात, म्हणजे आपले पोहेच, कोरडे. मग भाज्या, अचार, मांस. मांस बहुधा म्हशीचं असतं. खात नसाल तर वाढणाऱ्याला आधी सांगा, कोणी मनाला लावून घेत नाही. शेवटाकडे दही येतं. भक्तपूरचं मातीच्या भांड्यातलं जुजु धौ असेल तर पोटात जागा ठेवा.

अयला, म्हणजे घरची दारू, उंचावरून धार धरून छोट्या मातीच्या पणतीत ओततात. त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. इथे ‘मापसे’ म्हणजे मादक पदार्थ सेवन तपासणी कडक असते, आणि लग्नसराईत रात्री हमखास.

आहेराचं दडपण नको. पाकिटात काय घालाल ते घाला, पण त्याच्या आईसाठी एक पैठणी आणि घरासाठी संत्रा बर्फी आणा. कपडे एक जोधपुरी पुरे. ढाका टोपी ते स्वतःच डोक्यावर घालतील.

आणि पत्रिकेतल्या चार दिवसांवर जाऊ नका. लग्नानंतर नवरीच्या माहेरचे तिचं तोंड बघायला येतात, त्याला ख्वाः स्वयेगु म्हणतात. तोवर थांबा. भन्सारचे दिवस तसे मोजा.

खोली_नंबर_14

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांचं भन्सार भरतो. विम्याचा अर्ज उद्याच देतो. ताईने पैठणीची जबाबदारी घेतली आहे, रंग तीच निवडणार.

एक गोष्ट मात्र बदलली. काल रात्री संमतीपत्राचा मसुदा बाबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “मागची सीट रिकामीच आहे ना?” त्या पाठवणीच्या दिवसाबद्दल आमच्यात कधी बोलणं झालेलं नाही. बाबा 63 वर्षांचे आहेत, गुडघे जरा कुरकुरतात. गोरखपूरपर्यंत त्यांना ट्रेनने आणावं आणि पुढे मागे बसवावं असा विचार आहे. बुटवल ते काठमांडू मागे बसणाऱ्याला झेपेल का?

सोनौली_दोनदा

झेपेल, एका दिवसात नेऊ नका. सोनौलीपासून काठमांडू पावणेतीनशे किलोमीटर आहे, पण बुटवल–नारायणगढ रस्त्याचं रुंदीकरण वर्षानुवर्षं चाललं आहे, मी गेलो तेव्हा धूळ आणि खड्डेच होते. बाबांना चांगला मास्क द्या, नारायणगढला मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी सकाळी मुगलिनपर्यंत त्रिशूली नदी सोबतीला असते, तिथे दर तासाला थांबा, त्यांना पाय मोकळे करू द्या. शेवटचा नागढुंगाचा चढ ट्रकांच्या रांगेत जातो, घाई नको.

गाडीचा मालकच बरोबर असेल तर संमतीपत्राची गरज पडू नये. तरी पिशवीत असू द्या.