दमा आणि सीओपीडी एकत्र असतील तर मराठीत काय लिहावं?

विचारणा
नागपुरात आमच्या भागातल्या ज्येष्ठांसाठी श्वसनाच्या आजारांवर एक साधं माहितीपत्रक करतो आहोत. एकाच रुग्णात दमा आणि सीओपीडी (फुप्फुसांत हवेला कायमचा अडथळा करणारा आजार) दोन्ही दिसणं, म्हणजे 'अस्थमा-सीओपीडी ओव्हरलॅप', याला मसुद्यात 'दमा-सीओपीडी आच्छादन संलक्षण' असं लिहिलं गेलंय. मला ते पटत नाही. पर्याय सुचवाल का?

प्रतिसाद १
'आच्छादन' काढाच. आपल्याकडे संत्र्याच्या बागेत झाडाच्या बुंध्याशी पालापाचोळा पसरतात, ते आच्छादन. इथे एका आजाराने दुसऱ्याला झाकलेलं नाही, दोघांच्या खुणा एकाच माणसात दिसतात.

'संलक्षण', म्हणजे 'सिंड्रोम', तेही नको. 2014 मध्ये जीना (दम्यासाठी) आणि गोल्ड (सीओपीडीसाठी) या आंतरराष्ट्रीय गटांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शनात 'सिंड्रोम' होतं खरं. पुढे ते गळलं, आणि 2020 च्या अहवालात गोल्डने 'ओव्हरलॅप' म्हणणंच सोडलं. त्यांचं म्हणणं असं की हे दोन वेगळे आजार आहेत, एकाच रुग्णात दोन्ही असू शकतात. मग आपण तरी तिसऱ्या आजाराचं नाव कशाला घडवायचं?

प्रतिसाद २
'मिश्र दमा' कसं वाटतं? लोकांना लगेच कळेल.

प्रतिसाद १
कळेल, पण चुकीचं कळेल. 'मिश्र दमा' वाचून तो दम्याचाच एक प्रकार वाटतो. 'जुनाट दमा'चंही तेच. सीओपीडीला कित्येक जण सर्रास जुनाट दमा म्हणतात, पण वीस वर्षांचा दमा म्हणजे सीओपीडी नव्हे. दम्यात श्वासनलिका सुजतात, आकसतात, आणि औषधाने बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या होतात. त्रास कमीजास्त होत राहतो. सीओपीडीत नलिका मोकळ्या करणारं औषध देऊनही अडथळा उरतोच. स्पायरोमेट्री या श्वासाच्या तपासणीत जोराने फुंकायला लावतात ना, तेव्हा औषधानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा एकूण हवेच्या 70 टक्क्यांहून कमी भरते.

बोलीत हा फरक आहे, तोच पत्रकात घ्या. आमच्या शेजारच्या मावशी डॉक्टरांना सांगत होत्या, "पायऱ्या चढल्या का दम भरते, अन् रातच्याला छाती वाजते." चढताना दम भरणं दोन्हीत असतं, पण ते वर्षानुवर्षं वाढतच गेलं तर सीओपीडीची शंका घ्यावी. रात्री-पहाटे छाती वाजणं, मधले काही दिवस अगदी बरं वाटणं, हे दम्याकडे बोट दाखवतं. मावशींनी आयुष्यात बिडी ओढली नाही, पण चुलीपुढे जन्म गेला. लाकूड-गोवऱ्यांच्या धुरानेही सीओपीडी होतो, हे पत्रकात ठळक छापा. 'हा सिगारेटवाल्यांचा आजार' समजून कितीतरी बायका तपासायलाच जात नाहीत.

प्रतिसाद ३
'दम' फारसी, अर्थ श्वास. 'दमा' त्यातूनच आला. आयुर्वेदात 'श्वास' या रोगाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातला तमकश्वास दम्याच्या सर्वांत जवळचा. तो शब्द चालेल?

प्रतिसाद १
शब्द सुंदर आहे, पण मेडिकल किंवा मेयो या आपल्या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत रांगेत उभ्या माणसाला तो ओळखीचा नाही. सीओपीडीसाठीही 'दीर्घकालीन अवरोधक फुप्फुसविकार' एकदाच द्या, पुढे 'सीओपीडी'च ठेवा. चिठ्ठीवर तेच असतं.

माझा आग्रह एकच: दोन्ही नावं शेजारी शेजारी दिसली पाहिजेत. कारण उपचाराचं आहे. सीओपीडीत काहींना नुसत्या नलिका मोकळ्या करणाऱ्या औषधावर ठेवता येतं. दमा असेल तर श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हवंच. त्याशिवाय नुसतं दीर्घकाळ टिकणारं नलिका मोकळी करणारं औषध देणं धोक्याचं आहे. 'दमा' हा शब्द गळला, तर रुग्ण नव्या डॉक्टरला पुढचं सांगणार तरी कसं?

विचारणा करणारे
मग वाक्य असं ठेवतो: "काही रुग्णांना दमा आणि सीओपीडी हे दोन्ही आजार एकत्र असतात. आपल्याला दोन्ही आहेत का, हे डॉक्टरांना विचारा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या." आणि 'इनहेलर' लिहू की 'पंप'?

प्रतिसाद १
'पंप' लिहा, घरोघरी तेच म्हणतात. फक्त 'रोजचा पंप' आणि 'त्रास झाल्यावरचा पंप' असे दोन वेगळे शब्द ठेवा. रोजचा पंप बरं वाटलं की बंद करणारे खूप आहेत.