गुडघेदुखी, सुया आणि जॉर्ज लूइथ

मिरजेची_सून: सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. तोवर अ‍ॅक्युपंक्चर करून बघा म्हणून शेजारच्या काकू मागे लागल्यात. नेटवर शोधलं तर साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या प्रा. जॉर्ज लूइथ यांचं नाव सारखं समोर येतंय. सुयांच्या बाजूचे लोक त्यांचा दाखला देतात, आणि विरोधकही त्यांचेच पेपर तोंडावर फेकतात. हा माणूस नेमका कोणाचा?

फिजिओ_वर्षा: मी फिजिओच्या मुलांना संशोधनपद्धती शिकवते, त्यामुळे लूइथ दरवर्षी फळ्यावर येतातच. केंब्रिजला शिकलेले, रीतसर एमबीबीएसवाल्यांच्या पंथातले डॉक्टर. १९८२ साली साउदॅम्प्टनला एका सहकाऱ्याबरोबर पूरक उपचारांचं, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर, होमिओपॅथी वगैरेंचं केंद्र काढलं. २०१७ मध्ये गेले.

तुमच्या कामाचा अभ्यास त्यांच्या गटाचा, २०१२ चा. गुडघा किंवा खुबा बदलायच्या रांगेतले २२१ रुग्ण. काहींना खऱ्या सुया, काहींना खोट्या. ही खोटी सुई नाटकातल्या खंजिरासारखी असते: टोक बोथट, दाबली की दांड्यात मागे सरकते. कातडीला टेकते, आत शिरत नाही. तिसऱ्या गटाला विजेचं यंत्र लावलं, त्यात वीजच नव्हती! दुखणं तिन्ही गटांत कमी झालं आणि गटागटांत म्हणावा असा फरक नाही. फरक पडला तो उपचार कोण करतंय याने. उपचार करणारे तिघे होते, त्यातल्या एकाच्या हाताला दुसऱ्यापेक्षा जास्त गुण. बरं, हे गोड बोलण्यामुळेही नाही. काही रुग्णांशी आपुलकीने आणि काहींशी कामापुरतं बोलायचं असंही ठरवून केलं होतं, त्याने काही बदललं नाही. मुलांना मी विचारते, मग त्या हातात होतं काय? वर्गात गोंधळ होतो. व्हावाच.

दादरचा_संशयात्मा: म्हणजे थोतांड. विषय संपला.

फिजिओ_वर्षा: एवढी घाई नको हो. त्याच वर्षी २९ चाचण्यांमधल्या १७,९२२ रुग्णांचा एकत्र हिशेब आला, त्यातही लूइथ सहलेखक. ढोबळ आकडे असे: सुरुवातीचं दुखणं शंभरात ६० धरलं, तर सुयांशिवाय ते ४३ वर येतं, खोट्या सुईने ३५, खऱ्या सुईने ३०. खऱ्या-खोट्यातलं अंतर पाच गुणांचं. फार नाही, पण शून्यही नाही.

आणि होमिओपॅथी? धुळीतल्या किड्यांची अ‍ॅलर्जी असलेल्या २४२ दमेकऱ्यांवर त्यांनी चाचणी घेतली. औषध प्लासिबोपेक्षा, म्हणजे नुसत्या नावाच्या खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही, आणि २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तसंच छापलं. पूरक उपचारांचं दुकान स्वतःच चालवणाऱ्याने हे करावं, म्हणून मला हा माणूस आवडतो. त्यांचे सगळेच निष्कर्ष मला पटतात असं नाही.

सुईवाला_नाशिक: आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना हे पेपर झोंबतात. मला नाही. ताई, महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा वेगळा कायदा आहे, परिषद आहे. नोंदणी बघूनच जा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा.

फिजिओ_वर्षा: अगदी. ऑपरेशनची तारीख मात्र पुढे ढकलू नका, मांडीचे व्यायाम चालू ठेवा. रक्त पातळ करायची गोळी आहे का त्यांना? असेल तर सुया लावण्याआधी सर्जनना विचारा.

मिरजेची_सून: इकोस्प्रिन चालू आहे. सोमवारी डॉक्टरांकडे जायचंच आहे, तेव्हा विचारते. काकूंना काय सांगायचं ते मात्र अजून सुचलेलं नाही.